मापात पाप कुठे होते, कसे होते आणि कसे पकडायचे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: भाजीवाला, मिठाईवाला, रद्दीवाला, पेट्रोल पंप, गॅसवाला, सगळीकडे वजनमापात फसवणूक होते म्हणतात. ती नेमकी कशी करतात? इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावरही ती कशी शिल्लक राहिली? आणि सामान्य माणसाला ती जागच्या जागी ओळखता येते का?

ओळखता येते, आणि बहुतेक वेळा एका मिनिटात. तरी फसवणूक टिकून आहे, कारण गिऱ्हाईक भावाकडे बघते आणि मापाकडे बघत नाही. पाच रुपयांसाठी दहा मिनिटे घासाघीस करणारा माणूस काट्यावर आकडा स्थिर झाला का, हे बघायला दोन सेकंद थांबत नाही. हिशोब करून बघा. एकाकडे टोमॅटो ८० रुपये किलो आहेत आणि काटा चोख आहे. दुसरा ७० रुपयांना देतो, पण किलोच्या नावाखाली ८५० ग्रॅम घालतो. दुसऱ्याचा खरा भाव पडला ८२ रुपये ३५ पैसे. स्वस्त म्हणून गेलेले गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन, वर खूश होऊन परत येते. म्हणून भाव बाजारापेक्षा फारच खाली दिसला की आधी काटा बघावा. घाऊक बाजारात ज्या भावाने माल मिळतो त्याच्याही खाली कोणी रोज विकत असेल, तर फरक कुठून तरी भरून निघत असणार, आणि ती जागा बहुधा वजनाची असते.

आधी दांडीचा तराजू, कारण आठवडी बाजारात आणि हातगाडीवर तो अजून भेटतो. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहायला हवी. ती एका बाजूला झुकत असेल तर हलक्या पारड्याला खडा किंवा तारेचा तुकडा बांधून समतोल साधतात. तो पासंग. 'पासंगालाही पुरत नाही' या म्हणण्यातला पासंग हाच. प्रामाणिक पासंग तराजू सरळ करतो. लबाडीत मालाच्या पारड्याखाली मेण, चिंच किंवा लोहचुंबक चिकटवलेले असते. रिकामी पारडी बघितली की ही लबाडी लगेच उघडी पडते, म्हणून पारड्यात आधीपासून चार कांदे पडलेले ठेवायची पद्धत असते. ते काढायला सांगा.

दुसरी लबाडी जास्त हुशारीची आहे आणि रिकाम्या पारड्यांवरून कळत नाही. दांडीचा मधला टेकू थोडा सरकवलेला असतो आणि पारड्यांची वजने त्या हिशोबाने जुळवलेली असतात. २० सेंटिमीटरच्या दांडीत मालाची बाजू १०२ मिलिमीटर आणि वजनाची ९८ मिलिमीटर असेल, तर एक किलोच्या वजनासमोर ९६१ ग्रॅम मालातच दांडी आडवी होते. अवघ्या ४ मिलिमीटरच्या फरकाने ३९ ग्रॅम गेले, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पकडायची रीत मात्र सोपी आहे: माल आणि वजन यांची अदलाबदल करा. चोख तराजूत दांडी पुन्हा आडवी राहते. बाहू लहानमोठे असतील तर अदलाबदल झाल्याबरोबर ती एका बाजूला कोसळते. यावर कोणाचीही हातचलाखी चालत नाही.

वजनांचेही तसेच. बिडाच्या वजनाला तळाशी किंवा कडेला एक भोक असते, त्यात शिसे भरून वजन नेमके केलेले असते आणि त्या शिशावर सरकारी ठसा मारलेला असतो. शिसे कोरून काढले की वजन हलके होते. म्हणून वजन उलटे करून ठसा बघावा. वजनाऐवजी दगड किंवा नटबोल्ट वापरला जात असेल तर बोलणेच खुंटले, तिथे घेऊ नये.

हाताचे कसब हा यातला थक्क करणारा भाग. तराजू स्टँडला न टांगता हातात धरला की दोरी पकडलेल्या मुठीतली करंगळी दांडीला हलकेच टेकवता येते. माल थोड्या उंचीवरून पारड्यात टाकला की त्याच्या धक्क्याने पारडे खाली जाते, आणि ते परत वर यायच्या आत माल पिशवीत गेलेला असतो. त्यावर दोन मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी फुकट टाकली जाते. गिऱ्हाईकाच्या मनात त्या दोन मिरच्याच राहतात. हेच हात दुसऱ्या बाजूने बघा: वर्षानुवर्षे विकणारा माणूस हातात उचललेल्या वांग्यांचे वजन काट्यावर घालण्याआधी जवळजवळ बरोबर सांगतो आणि तीन भाज्यांचा हिशोब तोंडी करतो. हे खरे कौशल्य आहे, आणि बहुतेक विक्रेते ते प्रामाणिकपणे वापरतात. चार जणांमुळे सगळ्यांवर आळ येतो, म्हणूनही काटा बघता यायला हवा.

आता इलेक्ट्रॉनिक काटा. त्यात दोन वेगळ्या प्रकारची खोट असू शकते आणि दोन्ही ओळखायची रीत वेगळी आहे.

पहिली खोट शून्याची. ताटलीवर काही नसताना काटा ५० ग्रॅम दाखवत असेल, तर प्रत्येक वजनात ५० ग्रॅम कमी मिळणार. दोन किलो घेणाऱ्याचे यात अडीच टक्के जातात. पावकिलो घेणाऱ्याला मात्र २०० ग्रॅमच मिळतात, म्हणजे वीस टक्के गेले. पावकिलो-अर्धा किलो कोण घेते, ते सांगायला नको. ज्याच्याकडे कमी पैसे त्याच्याच ताटातून जास्त जाते, म्हणून ही खोट मला सगळ्यांत वाईट वाटते.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे टोपलीचे किंवा पाटीचे वजन. रिकामी टोपली ठेवून विक्रेत्याने बटण दाबून आकडा शून्यावर आणायला हवा. त्याने तसे केले की नाही, हे नंतरही कळते. माल पिशवीत ओतल्यावर टोपली काट्यावरून उचलली की आकडा उणे दिसायला हवा, टोपली २१० ग्रॅमची असेल तर उणे २१०. तिथे शून्य दिसले, तर टोपलीचेही पैसे तुम्ही भाजीच्या भावाने दिलेत. शून्य करण्यासाठी हलकी टोपली आणि मालासाठी जड टोपली, असाही प्रकार होतो. तोही याच परीक्षेत सापडतो, कारण उणे आकडा टोपलीच्या मानाने फारच लहान दिसतो.

दुसरी खोट प्रमाणाची. काट्याच्या आतली जुळवणी बिघडवून तो मुद्दाम जास्त दाखवेल असा केलेला असतो. शून्य अगदी बरोबर असते, म्हणून शून्य बघणारे सावध गिऱ्हाईकही फसते. काटा आठ टक्के जास्त दाखवत असेल, तर पडद्यावर एक किलो दिसताना हातात साधारण ९२६ ग्रॅम येतात. काही काट्यांत ठरावीक बटणांच्या जोडीने ही सोय चालू-बंद करता येते. यावर उपाय एकच, तो म्हणजे माहीत असलेले वजन ठेवून बघणे. एक किलो मिठाची सीलबंद पिशवी त्याला उत्तम: आत एक किलो मीठ आणि वर वेष्टनाचे पाच-दहा ग्रॅम. काट्यावर १,००० ते १,०२० च्या दरम्यान आकडा यावा. १,०८० आला तर काटा खोटा. जवळ काही नसेल तर १० रुपयांची १३ नाणी ठेवा. एक नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते, म्हणजे १३ नाण्यांचे १०० ग्रॅम. शून्याची खोट एवढ्याने कळते. प्रमाणाची खोट कळायला मात्र मोठे वजन लागते, कारण १०० ग्रॅमवर आठ टक्के म्हणजे आठच ग्रॅम, आणि ५-५ ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या काट्यावर ते नीट दिसत नाहीत.

'काटा जुना झालाय, थोडे इकडेतिकडे व्हायचेच' हे उत्तर स्वीकारू नका. ५ ग्रॅमच्या टप्प्याच्या दुकानी काट्याला पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत फक्त अडीच ग्रॅमची चूक माफ असते, आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट. पन्नास ग्रॅमचा फरक म्हातारपणात बसत नाही. व्यापारी इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, तर दांडीचा तराजू आणि वजने यांची दर २४ महिन्यांनी करून घ्यावी लागते. पडताळणीच्या ठशात वर्ष आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. जानेवारी ते मार्च म्हणजे ए, आणि पुढे तीन-तीन महिन्यांना एकेक अक्षर. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल अशा जागी लावलेले असायला हवे. ही काळजी आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितलेला आहे.

काटा चोख असतानाही फसवणूक होते, ती वेळेची. माल टाकल्याबरोबर आकडा उसळतो, १,०६० दाखवतो आणि मग ९६० वर येऊन थांबतो. उसळीचा आकडा वाचून माल उचलला की काम झाले. आकडा थांबेपर्यंत 'राहू द्या' म्हणायचे, एवढेच करायचे असते. काट्याला गोणी टेकलेली नाही, ताटलीच्या कडेला हात नाही आणि पडदा तुमच्याकडे आहे, हेही बघा.

गिऱ्हाईकाच्या बाजूची रोजची अप्रामाणिकताही इथेच सांगायला हवी. भेंडीचे टोक मोडून बघायचे आणि ती ठेवून द्यायची, कोबीची वरची चांगली पानेही सोलून टाकायची आणि मग वजन करायला लावायचे, द्राक्षाचे चार मणी 'चव बघायला' खायचे. असे वीस जणांनी केले की विक्रेत्याचा दिवसाचा नफा संपतो. कोकणात आणि गोव्यात मासळी पुष्कळदा वाट्यावर विकतात. तिथे काटाच नसतो, पण मोठे मासे वर आणि बारीक खाली असा प्रकार असतो, म्हणून वाटा पसरून बघावा.

मिठाईच्या दुकानातला खोका हा शहरातला सर्वांत सर्रास प्रकार. जाड पुठ्ठ्याचा खोका ८० ग्रॅमचा असला आणि मिठाई ८०० रुपये किलो असली, तर पुठ्ठ्याचे ६४ रुपये दिले जातात. मिठाईचे वजन खोका वगळूनच व्हायला हवे. रिकामा खोका आधी ठेवून शून्य करायला सांगा. सणाच्या गर्दीत हे सांगायला लोकांना संकोच वाटतो, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांत जास्त जाते. सोन्याबद्दल एवढेच: जुने मोडताना खडे, लाख आणि मंगळसूत्रातले काळे मणी यांचे वजन वेगळे काढून, तुमच्या समोर, काचेची झडप बंद करून काटा बघावा. आजीच्या काळातला तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा होता आणि आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम, हे घरातल्या जुन्या चिठ्ठ्या वाचताना लक्षात ठेवावे. नाहीतर प्रामाणिक सराफावर उगाच संशय येतो.

रद्दीचा ताणकाटा स्प्रिंगचा असतो. फार वर्षे ताणली गेलेली स्प्रिंग शून्यावर परत येत नाही, आणि गठ्ठा उचलताना गुडघ्याचा आधार दिला की दोन किलो सहज कमी दिसतात. २० पानी वर्तमानपत्र म्हणजे पाच मोठे ताव, साधारण ८०-८५ ग्रॅम, म्हणजे महिन्याची रद्दी अडीच किलोच्या आसपास. सहा महिन्यांचा गठ्ठा नऊ किलो भरला तर पुन्हा मोजायला सांगा.

पेट्रोलकडे वळू. इथे मूर्खपणा आणि लबाडी शेजारी शेजारी राहतात. 'सकाळी थंडीत भरले की जास्त मिळते' हा समज लोकांनी घट्ट धरला आहे. पेट्रोल एका अंश सेल्सिअसला साधारण एक हजारांशाने प्रसरण पावते हे खरे, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान सकाळ-दुपार फारसे बदलत नाही. '१०० ऐवजी ११० चे भरा, मग फसत नाही' हाही तसाच समज. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि नंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात टाकलेल्या छाप्यांत यंत्रात छेडछाड केलेली सापडली. ती कशी चालते हे समजले की ११० चा उपाय का फसतो तेही कळते. पंपात पेट्रोल मोजणाऱ्या मीटरची फेरी पल्सर नावाचा भाग विजेच्या ठोक्यांत बदलतो, आणि त्या ठोक्यांवरून पडद्यावर लिटर दिसतात. मधे चिप बसवून जादा ठोके घातले की पडद्यावरचे लिटर वाढतात. ही वाढ लिटरच्या प्रमाणात होते, मग तुम्ही १०० चे घ्या की ११० चे.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे, आणि कोणीही गिऱ्हाईक त्यात मोजून दाखवायला सांगू शकते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट मान्य नाही. चिप दुरून बंद करता येत असेल तर ही परीक्षा तिला चुकवू शकते, तरी मापाची कायमची खोट यात नक्की सापडते. दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची, कारण रोजची लबाडी चिपशिवायच होते. तुम्ही १,००० चे सांगता. तो २०० ला थांबतो आणि 'मला २०० ऐकू आले' म्हणतो. तुम्ही म्हणता, आणखी ८०० चे घाल. तो शून्य न करता २०० पासून पुढे ८०० पर्यंत नेतो. पडद्यावर ८०० दिसतात, तुमची बेरीज १,००० होते, आणि टाकीत ८०० चेच पेट्रोल गेलेले असते. याच वेळी दुसरा कर्मचारी कार्ड की रोख हे विचारत असतो, म्हणजे नजर पडद्यावरून हटते. गाडीतून उतरावे, शून्य बघावे, मधे थांबले तर पुन्हा शून्य बघावे, आणि नळी टाकीतून निघेपर्यंत पैशांचे बोलू नये.

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर कोरलेले असते. समजा १५.३ आहे, तर भरलेला २९.५ किलो भरायला हवा. दीडशे ग्रॅमपर्यंतचा फरक मान्य आहे. घरपोच देणाऱ्याने काटा सोबत आणायचा असतो. सील शाबूत दिसते म्हणून वजन सोडू नका, कारण एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढून पुन्हा सील बसवतात. वजनाची तूट तर होतेच, पण झडपेशी केलेल्या खेळाने गळतीचा धोकाही घरात येतो.

आतापर्यंत घेणाऱ्याचे बोललो. पण ज्याच्याकडून माल घेतला जातो त्या शेतकऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे, आणि त्याची चर्चा कमी होते.

दूध संकलन केंद्रावरचे उदाहरण घ्या. काटा १०० मिलिलिटरच्या टप्प्याने वाचला आणि खालचे आकडे कापले, तर एका वेळेला सरासरी ५० मिलिलिटर दूध हिशोबात येत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून १००, वर्षाला ३६.५ लिटर. केंद्राला २०० उत्पादक असतील तर ७,३०० लिटर. इथे काटा खोटा नाही आणि कोणाचा हातही दिसत नाही, फक्त दशांश कापला आहे. म्हणून पावतीवर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा मागावा. फॅटचा नमुना घेण्याआधी दूध वरखाली नीट ढवळलेले असावे. साय वर येते, आणि तळातून घेतलेल्या नमुन्यात फॅट कमी लागते. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो आणि खाली घसरला की पैसे कापले जातात, त्यामुळे न ढवळलेल्या एका पळीचा फटका सगळ्या कॅनला बसतो.

उसाच्या काटामारीवर महाराष्ट्रात आंदोलने झाली आहेत. २० टनांच्या खेपेत एक टक्का म्हणजे २०० किलो. टनाला ३,००० रुपये धरले तर खेपेमागे ६०० रुपये. हंगामात दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात हाच एक टक्का १० हजार टनांचा, म्हणजे ३ कोटी रुपयांचा होतो. भुईकाट्यावर दोन वजने होतात, भरलेल्या आणि रिकाम्या वाहनाचे. लोक भरलेल्या वजनाकडेच डोळे लावून बसतात, पण रिकाम्या वाहनाचे वजन जास्त नोंदले तरी तूट तितकीच पडते. भरलेल्या वेळी ड्रायव्हर आणि मजूर खाली, रिकाम्या वेळी तेच वर बसलेले, की दोनशे किलो गेले. रिकामे वजन मागच्या खेपेचे लावू देऊ नये, उतरवल्याबरोबर त्याच काट्यावर घ्यावे. दोन्ही वेळा वाहनावर कोणी नसावे आणि सगळी चाके काट्यावर असावीत. काट्याचीच शंका असेल तर एखादे वाहन पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला असे तीनदा उभे करून बघावे. तिन्ही आकडे जुळायला हवेत. कारखान्यात जाण्याआधी बाहेरच्या पडताळणी झालेल्या काट्यावर वजन करून वेळ छापलेली पावती घ्यावी. तुलना त्याच दिवशी आणि थोड्याच वेळात व्हावी, कारण तोडलेला ऊस रांगेत उभा राहिला की सुकून वजन उतरते आणि मग खरी तूटही सिद्ध करता येत नाही.

तक्रार वैध मापन शास्त्र यंत्रणेच्या, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या सरकारी विभागाच्या, निरीक्षकाकडे करायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते. काट्याला हात लावू नका आणि सील तोडायला लावू नका, कारण तुटलेल्या सीलचा दोष तुमच्यावर ढकलता येतो. माल पिशवीतून न काढता दुसऱ्या पडताळणी झालेल्या काट्यावर वजन करा आणि दोन्ही आकड्यांचे फोटो ठेवा. 'वजन कमी देतात' एवढेच लिहिले तर निरीक्षकाला हाती काहीच लागत नाही. जागा, तारीख, वेळ, काट्याचा प्रकार, ठशावरचे अक्षर आणि वर्ष, माहीत असलेले किती वजन ठेवले आणि काट्याने किती दाखवले, हे लिहा. रिकाम्या ताटलीवर काय दिसले तेही लिहा. त्यावरून खोट शून्याची आहे की प्रमाणाची हे निरीक्षकाला येण्याआधीच कळते, आणि कोणती प्रमाणित वजने घेऊन यायचे ते ठरवता येते.